सोडलेला प्रश्न

अंबरनाथ पूर्वेला, वालधुनी नदीच्या अलीकडच्या एका तीनमजली इमारतीत एक मुलगा राहत होता. बाबा आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जात, आई घर बघायची. मुलगा हुशार होता. हे त्यालाही माहीत होतं, आणि थोडी गडबड तिथेच होती.

शेजारच्या खोलीत त्याच्याच वर्गातली एक मुलगी राहत होती. ती काही फार हुशार नव्हती. तिची आई उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून जीन्सचे गठ्ठे आणायची. शिवून आलेल्या पँटींना शिलाईचे धागे लोंबत असतात, ते कापून द्यायचे. नगावर पैसे. मुलगी शाळेतून आली की छोटी कात्री घेऊन आईशेजारी बसायची. पँट उलटी करायची, खिशाच्या आतून बोट फिरवायची, पट्ट्याचे लूप एकेक करून बघायची, मग सुलटी करून घडी घालायची. कारखान्यातला चेकर अख्खा गठ्ठा कधीच तपासत नसे. मधूनच कुठलीतरी एक पँट ओढायचा. तिच्यात धागा निघाला की सगळा गठ्ठा परत. एकदा तसा परत आला होता. त्या दिवशी मजुरी तर मिळाली नाहीच, वर रिक्षाचे पैसे दोनदा गेले.

वरच्या मजल्यावर एक दादा होता. 2019 साली तो दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला होता आणि अकरावी सायन्सला गेला होता. नाव कॉलेजात, आणि तो दिवसभर क्लासमध्ये. मुलगा तेव्हा नववीत होता आणि सतत दादाच्या मागेमागे असायचा. दादा जिन्यात बसून समजवायचा, "नववीचे मार्क कोण विचारतो रे? नववी शाळेची, दहावी बोर्डाची. अकरावी कॉलेजची, बारावी बोर्डाची. एक सोडून एक वर्ष अभ्यास. बाकी आराम."

दादा काही वेगळं सांगत नव्हता. इमारतीतले सगळे हेच म्हणायचे, नातेवाईकही हेच म्हणायचे. आणि तेव्हा ते खरंही होतं. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना दहावीचे मार्क लागायचे. नववीचं प्रगतिपुस्तक कपाटात पडून असायचं.

त्या वर्षी पावसाने कहर केला. 26 जुलैच्या रात्री उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, आणि 27 तारखेला बोटींनी हजारेक प्रवाशांना बाहेर काढलं. पावसात शाळेचे दिवस बुडाले. वर्गशिक्षिका इतिहास शिकवायच्या. बुडालेले धडे भरून काढायला त्या शनिवारी जादा तास घेऊ लागल्या. मुलगी जायची. मुलगा एकदा गेला, मग गेला नाही.

ऑक्टोबरात सहामाही आली. इतिहासाच्या पेपराला शेवटचा प्रश्न हरितक्रांतीवर होता. मुलाला उत्तर येत होतं. पण मैदानावर मॅच ठरली होती आणि पोरं गेटपाशी थांबली होती. त्याने घड्याळ बघितलं, पेपर बांधला आणि तो उठला. मुलीला ते उत्तर धड येत नव्हतं. देशात धान्य कमी पडत होतं, बाहेरून गहू आणावा लागत होता, मग सुधारित बियाणं आलं, एवढं तिला आठवत होतं. तेवढंच तिने अर्धं पान लिहिलं. घंटा होईपर्यंत लिहिलं.

21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. बाईंना निवडणुकीची ड्यूटी लागली होती. ती उरकून त्यांनी पेपर घरी नेऊन तपासले. मुलीला त्या प्रश्नाला चारांपैकी दोन मिळाले. मुलाच्या पेपरावर, जिथे उत्तर संपत होतं त्याच्या खाली, लाल शाईत एक ओळ होती: "शेवटचा प्रश्न का सोडला?"

दिवाळीनंतर पेपर वर्गात दाखवले. मुलाने ती ओळ वाचली, हसला आणि पेपर परत दिला. बाकीच्या विषयांतही थोड्याफार फरकाने तेच झालं होतं. वार्षिकला बघू, असं त्याने घरी सांगितलं.

वार्षिक परीक्षा झालीच नाही. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा सरकारने रद्द केली. आधी जे काही झालं होतं, सहामाही, चाचण्या, वह्या, त्यावरच निकाल लावला. मुलाला 54 टक्के पडले, मुलीला 78. घरात कोणी फारसं काही बोललं नाही. पास झाला होता, आणि दहावी पुढेच होती.

दहावीला मुलाने खरोखर अभ्यास केला. हे सांगायला हवं, कारण पुढे लोक ते विसरले. घरात एकच स्मार्टफोन होता. बाबा रात्रपाळीला गेले की फोनही जायचा. मुलगा पहाटे बाबा आल्यावर शिकवण्यांचे व्हिडिओ बघायचा. गणिताची प्रत्येक प्रश्नपत्रिका त्याने तीनदा सोडवली. माटुंग्याला रुइया किंवा रुपारेल, असं त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. मुलीचा दहावीचा अभ्यास बेताचा झाला. जीन्सचं काम बंद पडलं होतं आणि घरात चणचण होती.

एप्रिल 2021 मध्ये बोर्डाची दहावीची परीक्षा रद्द झाली. मे संपता संपता निकालाचं सूत्र आलं. प्रत्येक विषयाच्या 100 पैकी 30 गुण दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, 20 तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत कामाचे. उरलेले 50 नववीच्या निकालाचे.

मुलाने ते वाचलं. मग कागद घेऊन हिशेब मांडला. नववीच्या 54 चे झाले 27. दहावीचे 30 पैकी 27 पडले असते, 20 पैकी 19. बेरीज 73. त्याने ती पुन्हा केली. 73 च आली.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याला घेऊन शाळेत गेले. बाबांना असं काही बोलायची सवय नव्हती. टोपी हातात घेऊन ते बाईंसमोर उभे राहिले. "बाई, पोराने वर्षभर मरमर केलीय. नववीचे थोडे वाढवता आले तर बघा."

बाईंनी कपाटातून नववीचं निकालपत्रक काढलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा उसवलेलं. मुलाच्या नावावर बोट ठेवलं आणि बाबांना दाखवलं. "हे मागच्या वर्षी सही होऊन गेलंय. मी आता यावर पेन लावणार नाही." मग त्या मुलाकडे वळल्या. "मी तुला पेपरावर एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

मुलगा गप्प राहिला. घरी येताना स्टेशनपर्यंत बापलेक काही बोलले नाहीत.

16 जुलैला निकाल लागला. साइट तासन्‌तास उघडतच नव्हती. राज्यात 99.95 टक्के मुलं पास झाली होती, त्यामुळे पेढे वाटायचे की नाही हेच कोणाला कळेना. मुलाला 73 मिळाले. मुलीला 81. नववीचे 39, वरचे 24 आणि 18.

तरी एक दार उघडं होतं. अकरावीसाठी 21 ऑगस्टला वेगळी प्रवेश परीक्षा, सीईटी, होणार होती. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, 100 मार्कांचा पेपर, आणि ती देणाऱ्यांना प्रवेशात आधी जागा. मुलाच्या अंगात पुन्हा जीव आला. याच परीक्षेची तर तो वाट बघत होता. पुस्तकं त्याने परत उघडली. 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली.

त्या संध्याकाळी दादा जिन्यात बसला होता. आठवड्यापूर्वीच, 3 ऑगस्टला, त्याचा बारावीचा निकाल लागला होता. बारावीचं सूत्र वेगळं होतं: दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांना 30 टक्के, अकरावीला 30, बारावीला 40. अकरावीला दादा कॉलेजात फिरकलाच नव्हता. त्याच्याही आकड्यात तो आराम चोख उतरला होता. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "माझं ऐकायला नको होतंस." मुलगा म्हणाला, "मला ऐकायचंच होतं ते."

प्रवेशाच्या यादीत मुलीला कल्याणला कॉमर्स मिळालं. मुलाला उल्हासनगरला सायन्स. माटुंग्याचं पान त्याने फाडलं नाही, वही रद्दीत गेली तेव्हा तेही गेलं.

अकरावीही ऑनलाइनच सुरू झाली. चाचण्या फोनवर व्हायच्या आणि उत्तरं ग्रुपवर आधीच फिरायची. अकरावीचे मार्क पुढे कोण विचारतो, असं तिथेही मुलं म्हणायची. मुलगा ग्रुप बंद करायचा, कागदावर गणित सोडवायचा आणि जे येईल ते भरायचा. त्याला कधी 20 पैकी 11 पडायचे, ग्रुपवाल्यांना 19. सुरुवातीला याचा त्याला राग यायचा.

इमारतीत या सगळ्याची चर्चा खूप दिवस चालली. कोणी म्हणालं नशीब, कोणी म्हणालं अन्याय. अन्याय होताच. वर्षभर तयारी करणाऱ्याला पेपरच मिळू नये, हा न्याय कसा म्हणायचा? 2019 च्या ऑक्टोबरात मुलगी तापाने आडवी झाली असती, तर तिचाही गठ्ठा परतच आला असता, आणि मग हीच गोष्ट कोणी वेगळ्या तोंडाने सांगितली असती. पण मुलाचं दुखणं सूत्राने सुरू झालेलं नव्हतं. उत्तर येत असून तो उठला होता, कारण ते कोणी बघणार नाही असं त्याने धरलं होतं. चेकर कुठली पँट ओढेल हे शेजारच्या घरात कोणालाच ठाऊक नसे, म्हणून तिथे प्रत्येक खिशातून बोट फिरायचं. फार हुशारी लागत नव्हती त्याला.

मे 2023 मध्ये मुलाने इंजिनीअरिंगची एमएचटी-सीईटी दिली. तिच्यात गणिताच्या 50 प्रश्नांपैकी 10 अकरावीचे असतात, फिजिक्स-केमिस्ट्रीतही तसंच. बाहेर आल्यावर बरीच मुलं त्या दहांवर चरफडत होती. मुलाने त्यातले सात सोडवले होते, तीन त्याला खरंच आले नव्हते. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये त्याला पनवेलकडचं एक कॉलेज मिळालं. नावाजलेलं नाही, पण हवी ती शाखा. रोज ठाण्याला गाडी बदलून तो जाऊ लागला. मुलगी तोवर कल्याणला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि संध्याकाळी एका सीएच्या ऑफिसात व्हाउचर लावायची.

दादाने बी. एस्सी. करता करता खालच्या खोलीत शिकवणी सुरू केली. दहावीच्या बॅचला गर्दी असते, पण नववीची बॅच तो स्वतः घेतो. फी कमी आहे. दिवाळीनंतर सहामाहीचे तपासलेले पेपर आणून दाखवल्याशिवाय तो कोणाला बसू देत नाही, आणि आधी बघतो ते मार्क नाहीत, कोरी पानं. दोन पालक त्यावरून भांडून गेले. एकाने आपल्या मुलाचं नाव काढून त्याला दुसऱ्या क्लासला घातलं.