नामानिराळा निचरा

जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डि मॉइन शहर आणि आसपासच्या वस्त्यांत, अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. नद्यांत पाणी होते. त्यातले नायट्रेट काढणारी यंत्रणा मात्र पुरी पडेना. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम ही त्याची कायदेशीर मर्यादा. हे नायट्रेट शेतांतून येते म्हटले की शेतीउद्योगाच्या कैवाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: प्रदूषण सगळीकडूनच येते, एका शेताकडे बोट कसे दाखवणार? ऐकायला समंजस, आतून बेरकी.

या बेरकीपणाला कायद्याचा आधार आहे. अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याला दोषी धरायला नळी, नाला, चर असे नेमके ठिकाण लागते. शेतातून ओघळणारे पावसाचे पाणी 1987 मध्ये त्यातून स्पष्टपणे वगळले गेले. प्रदूषण झाले की नाही, हे इथे आधी भूमिती ठरवते आणि मग रसायनशास्त्र.

भूमितीच आडवी येत असेल तर वास्तुरचनाकारांना बोलवा, असा एक विचार गेली काही वर्षे जोर धरतो आहे. एयाल वाइझमन यांनी 2010 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये सुरू केलेल्या ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ने इमारती, उपग्रहचित्रे आणि त्रिमितीय आराखडे साक्षीला उभे करायची रीत रुजवली. पाण्याच्या बाबतीतही याच वाटेने जाणारे प्रयत्न आहेत. ईरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातली मोठी पशुपालन केंद्रे पर्यावरण संस्थांनी हवाई छायाचित्रांवरून मोजली. 2005 मध्ये 545 असलेली केंद्रे 2018 पर्यंत 775 झाली होती. याच सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे 2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराला नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले होते.

नकाशा काढला की गुन्हेगार सापडतो, अशी भाबडी समजूत इथून सुरू होते. ती आयोवातच मोडते.

उत्तर-मध्य आयोवाची सपाट जमीन मुळात दलदलीची. एकोणिसाव्या शतकापासून तिच्या पोटात भाजक्या मातीच्या नळ्या घातल्या गेल्या. आता सच्छिद्र प्लास्टिकच्या घालतात. मक्याने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर या नळ्यांत उतरते, चरांतून रॅकून नदीला मिळते आणि डि मॉइनच्या नळापर्यंत येते. म्हणजे ‘सगळीकडून’ येणारे पाणी चक्क नळीच्या तोंडातून पडते. शहराच्या पाणीसंस्थेने 2015 मध्ये सॅक, ब्युएना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन कौंट्यांतल्या, सामाईक चर-नळ्यांचा कारभार पाहणाऱ्या निचरा मंडळांवर नेमका हाच मुद्दा घेऊन दावा लावला. मार्च 2017 मध्ये तो फेटाळला गेला. नायट्रेट निर्दोष ठरले म्हणून नव्हे. राज्याच्या कायद्याने मंडळांना दाव्यांपासून संरक्षण होते आणि प्रदूषण रोखायचे अधिकारच त्यांना नव्हते.

खरी गंमत या मंडळांच्या दप्तरात आहे. निचऱ्याचा खर्च ती जमीनमालकांवर बसवतात, तोही कोणत्या रानाला किती फायदा झाला ते ठरवून. कुणाचे पाणी कुठे जाते हे पट्टी वसूल करताना चोख माहीत असते. नायट्रेटचा विषय निघाला की तीच जमीन अथांग, अनोळखी होते! अशा वेळी वास्तुरचनाकारांनी कलादालनातल्या काळ्या भिंतीवर उजळवलेल्या प्रवाहरेषा कितीही देखण्या असोत, कौंटीच्या कपाटातल्या कंटाळवाण्या आराखड्याची सर त्यांना नाही. रचनाकाराने पाण्याची वाट रंगवण्याआधी ती वाट कुणी आखली, पैसा कुणी भरला आणि जबाबदारी कुठे गळाली, हे त्याच कागदावर आणावे. एवढे केले तरी खटला हरता येतो, हे आयोवाने दाखवलेच आहे. पण ‘कुणालाच माहीत नाही’ हे उत्तर मग देता येत नाही.

आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उसाला दिलेल्या अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सच्छिद्र नळ्यांच्या अशाच भूमिगत निचऱ्याने सुधारल्या गेल्या. उपाय चांगलाच आहे. मात्र तिथल्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणावर बोलताना कोल्हापूरचे सांडपाणी, इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग आणि साखर कारखाने यांची नावे निघतात, आणि ती निघायलाच हवीत. उसाच्या फडातल्या युरियाचे नाव क्वचितच कुणी घेतो. नळ्या पुरण्यापूर्वी रानाचा चढ-उतार मोजून आराखडा काढावाच लागतो. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत लावायला कुणा लंडनच्या संस्थेची गरज नाही.