बाय माय मदर

प्रश्न एका गुणाचा. ‘पीपल ट्रान्सप्लांट पॅडी इन जुलै’ या वाक्याचा पॅसिव्ह व्हॉइस करा. नववीतल्या मुलीनं लिहिलं होतं, ‘पॅडी इज ट्रान्सप्लांटेड इन जुलै बाय माय मदर.’

रूप बिनचूक होतं. कर्म उचलून कर्त्याच्या जागी आणलेलं, साधा वर्तमानकाळ आणि एकवचन म्हणून ‘इज’, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. फक्त ‘पीपल’च्या जागी आई आली होती. साकोली तालुक्यातल्या आमच्या एकोडीत हे नवल नाही. जुलैत बाया घोटाभर चिखलात वाकून रोवणी करतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि मागे मागे सरकत बांधी भरत न्यायची. त्या ओळीत या मुलीची आईही असते.

गुण कापायचा की नाही, हे मी काकाजींना विचारलं. त्यांचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला.

“अर्धा काप,” ते म्हणाले. “प्रश्नात ‘पीपल’ आहे. कर्ता माहीत नसेल, उघडच असेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर ‘बाय’सकट गाळायचा, हे तूच शिकवलंस ना? दहावीचा पेपर कुठल्या गावचा मास्तर तपासेल कोण जाणे. त्याला हिची आई ठाऊक नाही. आज तू लाड करशील, उद्या तो पूर्ण गुण कापेल.”

हे खोडून काढणं सोपं नव्हतं. तरी म्हटलं, “काकाजी, महत्त्वाचा नाही हे कोण ठरवतं?”

“बोलण्याचा विषय ठरवतो. विज्ञानाच्या वहीत ‘द्रावण गाळले गेले’ असं लिहितात. ते तू गाळलंस की मी, यानं निष्कर्ष बदलत नाही. बदलला तर प्रयोगच फसला. तिथे ‘मी गाळलं’ कशाला? पॅसिव्ह म्हटलं की काहीतरी लपवलंय, असं तुम्हाला वाटतं. अगं, जिच्याविषयी बोलणं चाललंय ती गोष्ट वाक्याच्या तोंडाशी ठेवायची ती सोय आहे. धानाबद्दल लिहायचं तर धान आधी.”

“धान आधीच आहे की. पण इंग्रजी वाक्यात नवी, वजनाची गोष्ट बहुधा शेवटी येते. ‘बाय माय मदर’ शेवटी आलं, म्हणजे सगळा भार आईवर पडला. तिला आईविषयीच सांगायचं होतं.”

“मग ते निबंधात सांगावं.”

“आपल्या मराठीत बघा. ‘आईनं बांधी रोवली’, ‘आईनं शेत रोवलं’. क्रियापद बांधीच्या, शेताच्या मागे जातं, प्रयोग कर्मणी, तरी आई जागची हलत नाही. इंग्रजीत तिला आधी उठवतात आणि मग ठेवायची की नाही ते लिहिणारा ठरवतो.”

“मराठीचं कौतुक पुरे. ‘रोवणी झाली’ असं अख्खं गाव म्हणतं. त्यात कुठे आहे आई?”

काकाजींचं हे बोलणं मला लागलं. घरात मीही तसंच म्हणते.

मी गोसीखुर्दकडे वळले. पवनी तालुक्यातल्या वैनगंगेवरच्या त्या धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. त्याविषयी पोरं लिहितात, ‘द फाउंडेशन स्टोन वॉज लेड बाय राजीव गांधी.’ पुढचं वाक्य असतं, ‘मेनी व्हिलेजेस वेअर सबमर्ज्ड.’ मानाच्या कामाला ‘बाय’ राहतो, गावं बुडाली तिथे तो गळतो. हे मी बोलून दाखवलं.

काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठीक, ‘बाय’ ठेवू. आता आपल्या तलावांचं सांग. ‘द टँक्स वेअर बिल्ट बाय’, पुढे काय लिहिशील?”

“मालगुजार,” माझ्या तोंडून निघालं. नावच तसं आहे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले, तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव.

“काही मालगुजारांनी बांधवलेही असतील. पण पाणी कुठे अडेल, पाळ कुठून कुठे घालायची, पाट कसा काढायचा, ही विद्या कोहळी समाजाची. आणि डोक्यावरून माती वाहणाऱ्यांचं काय? ‘बाय’ लावलास म्हणून खरा कर्ता आला असं नाही. कर्ता गाळलेल्या वाक्यात निदान जागा रिकामी दिसते, कुणीतरी विचारतं, कुणी केलं म्हणून. चुकीचा कर्ता बसला की विचारणंच थांबतं.”

यावर मी अजून विचार करते आहे. कर्ता लिहिणं म्हणजे न्याय, अशी माझी समजूत होती. मजूर बाया अर्जात ‘आम्हाला मजुरी देण्यात आली नाही’ असं लिहितात, कुणी दिली नाही ते लिहीत नाहीत. कारण पुढच्या हंगामात त्याच माणसाच्या बांधीत उतरायचं असतं. तिथे मी लाल पेनानं ‘कर्ता कुठे?’ विचारणार आहे का? ते वाक्य त्यांनी जाणूनबुजून निवडलेलं आहे, आणि निवडायचा हक्क त्यांचा आहे. माझ्या विद्यार्थिनीनंही निवडच केली होती. फरक इतकाच की तिला प्रश्नपत्रिकेनं निवड दिलेली नव्हती.

मी अर्धा गुण कापला. का कापला ते शेजारी मराठीत लिहिलं, आणि वाक्य व्याकरणाला धरून असल्याचंही लिहिलं. पुढच्या चाचणीत ‘विमेन ट्रान्सप्लांट पॅडी’ असं वाक्य देईन, म्हणजे ‘बाय विमेन’ ठेवावं लागेल, असं काकाजींना सांगितलं.

“विमेन हाही घोळकाच झाला,” ते म्हणाले.

“हो. पण ‘पीपल’पेक्षा लहान.”