मधल्या दिवसांचा हिशेब

दुसऱ्याचा पैसा चार दिवस वापरला, त्यावर आपला नफा कमावला आणि मूळ रक्कम होती तिथं नेऊन ठेवली, तर त्याला चोरी म्हणायचं का?

हा प्रश्न माझ्या पुतण्याच्या पोरानं मला घातला. तो परळला राहतो, बी.कॉम. करतो. हर्षद मेहतावर २०२० साली जी मालिका आली ती त्यानं तीनदा बघितलेली. म्हणाला, "आजोबा, त्या माणसानं कुणाच्या घरात शिरून तिजोरी फोडली नाही. बँकांचा पैसा पडून होता, तो त्यानं फिरवला. बाजार चढला तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं आणि पडला तेव्हा चोर म्हणाले. मग चूक नेमकी कुठं झाली?"

मी कराड तालुक्यातला शेतकरी, शिक्षण दहावी. शेअर बाजारातलं मला फार कळतं असं नाही. पण पोराचा प्रश्न खोटा नव्हता. हाच प्रश्न मी १९९२ साली लालबागच्या चाळींतून ऐकला होता, आणि त्याच्याही आधी, लहान आकड्यांत का होईना, तो आमच्या गावच्या माणसांपुढं येऊन उभा राहिला होता. म्हणून लिहायला बसलोय.

आधी हकिकत सांगतो. हर्षद मेहता हा साध्या घरातला माणूस. सुरुवातीला विमा कंपनीत किरकोळ नोकरी केली, मग दलाल स्ट्रीटवर आला आणि मोठा दलाल झाला. एसीसी सिमेंटचा शेअर दोनशेच्या आसपास होता, तो बघता बघता नऊ हजारांच्या घरात गेला. लोक त्याला 'बिग बुल' म्हणायला लागले. वरळीला समुद्रासमोर घर, दारात लेक्सस गाडी. त्या वर्षी मार्च-एप्रिलला मी लालबागला भावाकडं गेलो होतो. गिरण्यांचा संप होऊन दहा वर्षं झालेली. कुणी वडापावची गाडी टाकलेली, कुणी रात्रपाळीचा वॉचमन झालेला. पण संध्याकाळी ओट्यावर बोलणं शेअरचं. माझ्याबरोबर साच्यावर काम केलेल्या एका गड्यानं फंडाचे आलेले पैसे त्यात घातलेले. मला म्हणाला, "आरं, बारा वर्सं धागा जोडला तवा जेवडं मिळालं न्हाई तेवडं दोन म्हैन्यात झालंय." त्याला काय बोलणार?

२३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात बातमी दिली, स्टेट बँकेतल्या खड्ड्याची. तिथून सगळं उसवत गेलं. रिझर्व्ह बँकेनं जानकीरामन समिती नेमली. तिनं सगळ्या बँका आणि सगळे दलाल मिळून काढलेला आकडा ४,००० कोटींच्या वर गेला.

हे केलं कसं? मला जे समजलं ते आमच्या भाषेत सांगतो. सरकारी नियमानं बँकांना काही पैसा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. एका बँकेला रोखे कमी पडले की ती दुसरीकडून थोड्या दिवसांसाठी घेते, मग परत देते. मधे दलाल असतो, बैलबाजारात हेडी असतो तसा. हेड्याचं काम काय? गिऱ्हाईक आणि मालक यांची गाठ घालून द्यायची आणि आपली दलाली घ्यायची. आता समजा, गिऱ्हाइकानं बैलाचे पैसे हेड्याच्या हातात दिले. हेडी म्हणाला, बैल चार दिवसांनी पोचता करतो, तोवर ही चिठ्ठी ठेवा. आणि त्या पैशावर त्यानं स्वतःसाठी बाजारातली दहा खोंडं उचलली. इथं तेच झालं. बँकेच्या नावानं निघालेला चेक दलालाच्या खात्यात जमा व्हायचा. रोख्यांच्या ऐवजी बँकेची नुसती पावती फिरायची, आणि काही पावत्यांच्या मागं रोखे नव्हतेच. तोवर पैसा शेअर बाजारात.

स्टेट बँकेनं तगादा लावल्यावर पैसे परत आलेसुद्धा. पण त्यातली मोठी रक्कम आली नॅशनल हाउसिंग बँकेकडून. ती बँक रिझर्व्ह बँकेनं काढलेली, लोकांच्या घरबांधणीला कर्ज मिळावं म्हणून. एका सार्वजनिक तिजोरीतला खड्डा दुसऱ्या सार्वजनिक तिजोरीतली माती काढून बुजवला.

आता आमच्या गावची गोष्ट.

मी १९७८ साली मुंबईला गेलो. लालबागला आमच्या गावच्या मंडळाची एक खोली होती. खोली कसली, बारा बाय दहाची. पाळ्या बदलतील तसे तिथं तीस-पस्तीस गडी झोपायचे. भिंतीला सगळ्यांच्या ट्रंका, आणि कोपऱ्यात देवाच्या फोटोखाली मंडळाची एक ट्रंक. पगाराच्या दिवशी माणशी दोन रुपये त्यात पडायचे. त्या पैशाची कामं ठरलेली होती. गावच्या जत्रेला वर्गणी, कुणाची नोकरी गेली तर खाणावळीचा महिना, आणि कुणी मुंबईत मेलं तर त्याला गावी न्यायचा खर्च. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं. परमुलखात बेवारशासारखं जळू नये, एवढीच त्या माणसांची इच्छा असायची.

किल्ली खजिनदाराकडं. नाव लिहीत नाही. माणूस शब्दाचा पक्का, गिरणीत जॉबर, अडल्यानडल्याला धावणारा. १९८० च्या पावसाळ्यात त्यानं ट्रंकेतले तीन हजारांवर रुपये दादरच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याला वीस दिवसांसाठी व्याजानं दिले. कुणाला विचारलं नाही. व्याज आपल्याकडं ठेवायचं, मुद्दल ट्रंकेत परत, असा त्याचा बेत.

आणि त्याच वीस दिवसांत आमच्यातला एक गडी गेला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा. ताप डोक्यात गेला, केईएममध्ये संध्याकाळी दम सोडला. कागद होईतोवर रात्रीचे नऊ वाजले. मॅटाडोर ठरवली. गाडीवाला म्हणाला, निम्मे पैसे आधी. खजिनदाराला हाक मारली, तर तो खाली मान घालून उभा. ट्रंक उघडली. तळाला वह्या आणि ऐंशी-नव्वद रुपये.

मग रात्रभर आम्ही लालबाग, चिंचपोकळी, करी रोड फिरलो. महिनाअखेर होती, कुणाकडं पाच निघाले, कुणाकडं दहा. खाणावळीच्या मावशींनी डाळीच्या डब्यातले दोनशे काढून दिले. गाडी रात्री दहाला सुटायची ती सकाळी दहाला सुटली. वाटेत घाटात पाऊस. गावात पोचलो तेव्हा दिवस बुडालेला. रात्री अग्नी देत नाहीत, म्हणून त्याला रात्रभर पडवीत ठेवलं. ऐन पावसाळा, एक दिवस आधीच झालेला. त्याच्या आईला शेवटचं तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही बायकांनी. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

खजिनदारानं आठव्या दिवशी मुद्दल आणून ट्रंकेत ठेवलं. मंडळाची बैठक बसली. त्यानं वही उघडी केली आणि म्हणाला, "मोजा. एक रुपाया कमी असंल तर माज्या तोंडात मारा." मोजले, पुरे भरले. सगळे गप्प. काही जण म्हणालेही, पैसे आले ना, मग मिटवा. तेव्हा आमच्यातले एक म्हातारे आबा बोलले. आयुष्यभर साच्याच्या आवाजात काम केल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "पैसं पुरं हायेत. पर त्या राती नव्हतं."

त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. व्याजही मंडळात जमा करून घेतलं. बोलाचाल कुणी तोडली नाही.

पोराच्या प्रश्नाला माझ्याकडं हेच उत्तर आहे. सार्वजनिक पैसा पडून असतो असं आपल्याला वाटतं, पण तो पडून नसतो. तो कशाची तरी वाट बघत असतो. ट्रंकेतला पैसा एखाद्या वाईट रात्रीची, घरबांधणीच्या बँकेतला कुणाच्या तरी घराची, स्टेट बँकेतला ठेवीदार खिडकीशी येण्याची. तो पैसा मधल्या दिवसांत उचलणारा म्हणतो, मी कुणाचं काय घेतलं? त्यानं मधले दिवसच घेतलेले असतात. त्या दिवसांतली जोखीम मालकाची आणि नफा त्याचा. डाव साधला तर मालकाला पत्ताही लागत नाही. फसला तर मालक बुडतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपल्याकडं उगीच नाही. आणि परत केलं म्हणून निर्दोष म्हणावं, तर परत करणं त्याच्या हातात होतं कुठं? बाजार आणखी एक महिना आधी पडला असता तर?

दुसरं म्हणणं असं, की तो एकटा नव्हता. हे खरं आहे. बँकांच्या साहेबांनी सह्या केल्याशिवाय चेक निघत नाहीत. त्यात सरकारी बँका होत्या, परदेशी बँकाही होत्या. त्यानं १९९३ साली पत्रकारांसमोर सुटकेस ठेवून सांगितलं, की पंतप्रधान नरसिंह राव यांना आपण एक कोटी दिले. राव यांनी ते साफ नाकारलं, आणि सिद्ध काही झालं नाही. पण दहा जणांनी मिळून बांध फोडला तर प्रत्येकाचा गुन्हा एक दशांश होत नाही. आमच्या ट्रंकेची वहीसुद्धा मंडळानं दोन वर्षं कुणाला वाचायला लावली नव्हती. म्हणून खजिनदाराचा दोष कमी झाला नाही, मंडळाचा तेवढा वाढला.

तिसरं म्हणणं, की असल्या पैशाला मालकच नसतो. सरकारचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही. हे बोलणं मला सगळ्यात घातक वाटतं. आमच्या कराडच्या नावाची एक बँक होती, बँक ऑफ कराड. तिच्या मुंबईतल्या शाखेनं याच प्रकरणात रोख्यांचा आधार नसताना पावत्या दिल्या. त्यात दलाल दुसरे होते, पण रीत तीच. बँक १९९२ सालीच बंद पडली, पुढं १९९४ ला बँक ऑफ इंडियात गेली. कुठं दलाल स्ट्रीट आणि कुठं कृष्णा-कोयनेचा संगम! ज्यानं उसाच्या बिलातले चार पैसे तिथं ठेवले त्याला रेडी फॉरवर्ड हा शब्दही माहीत नसणार. मालक नव्हता असं नाही. मालक हजारो होते, आणि एकेकाच्या वाट्याचं नुकसान इतकं विखुरलेलं, की कुणाच्या एकाच्या नावानं बोंब उठली नाही. दरोडा पडला की गाव जागं होतं. प्रत्येकाच्या कणगीतलं पसाभर धान्य गेलं तर कोण जागं होणार?

हर्षद मेहतावर पुष्कळ खटले झाले. विशेष न्यायालय त्यासाठी नेमलं. सरकारचा हिस्सा असलेल्या मारुती उद्योगाच्या जवळजवळ ३९ कोटींच्या प्रकरणात १९९९ साली त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. ३१ डिसेंबर २००१ ला, कोठडीत असतानाच, तो ठाण्याला हृदयविकारानं गेला. वय ४७. बरेच खटले निकालाविना राहिले. जे सिद्ध झालं नाही ते मेल्या माणसाच्या माथी मारू नये, असं मला वाटतं. त्याच्या हुशारीबद्दल मला वाद घालायचा नाही. माझ्या साच्यावरच्या सोबत्याचा फंड बुडाला, पण त्यानंही कधी त्याला शिव्या दिल्या नाहीत. "आपुन हावऱ्यावानी गेलो," एवढंच म्हणायचा. त्याचं ते मोठेपण. पण हाव स्वतःच्या पैशाची असली तर माणूस स्वतः बुडतो, आणि त्याला आपण वेडा म्हणतो. दुसऱ्यांनी विश्वासानं दिलेल्या किल्लीनं हाव पुरी करणं ही जात वेगळी. मालिकेत बघताना दोन्ही सारखंच धाडस दिसतं, तिथं पोरांची गल्लत होते.

आता आमच्या गावात पाणीवापर संस्था आहे. मी सहा वर्षं तिचं काम बघतोय. चेकवर दोन सह्या लागतात, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पासबुक मोठ्यानं वाचून दाखवायचं असा ठराव करून घेतलाय. नवीन सचिव पोरगा हुशार आहे, पण त्याला ते लागतं. म्हणतो, "अण्णा, माझ्यावर विश्वास नाही का?" मी सांगतो, विश्वास आहे म्हणूनच किल्ली तुझ्याकडं दिली. पासबुक वाचायचं ते ज्यांचे पैसे आहेत त्यांच्यासाठी. मोटार जळाली की त्याच दिवशी पैसे लागतात, आठव्या दिवशी नाही. तो अजून थोडा फुगून असतो. पण सोमवारी पासबुक वाचतो.