जुनी नोट आणि जाणत्याचे मौन

जुन्या नोटेवर छापलेला आकडा तिच्या मोलाविषयी फारच थोडे सांगतो. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली, रुपयाची नाणी पाडणे सरकारला जड जाऊ लागले, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी पंचम जॉर्ज बादशहाची मुद्रा असलेली एक रुपयाची नोट हिंदुस्थानात प्रथमच निघाली. तिच्यावर सही कोणाची आहे, गब्बे, मॅकवॉटर्स की डेनिंग यांची. अनुक्रमांकाआधी कोणते अक्षर आहे. घड्या किती पडल्या आहेत, टाचणीचे भोक आहे काय, कडा शाबूत आहेत काय, हे पाहून संग्राहक तिची किंमत ठरवतो आणि ती एका रुपयाच्या हजारो पट भरू शकते. पुष्कळ माणसे विकण्यापूर्वी मायेने नोट धुतात, तिला इस्त्री करतात, फाटल्या जागी चिकटपट्टी लावतात. त्याने किंमत घटतेच. उलट, केवळ जुनी म्हणून कोणतीही नोट मोलाची ठरत नाही. जी उदंड छापली गेली आणि उदंड उरली, तिला कोण विचारतो? विक्रेत्याने जाहिरातीत मागितलेली किंमतही खरी किंमत नव्हे. तशाच स्थितीतल्या नोटेला लिलावात प्रत्यक्ष काय मिळाले, तोच आकडा विश्वासाचा.

हे ज्ञान कष्टाने मिळते, आणि ते सर्वांपाशी सारखे नसते. आपला नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो.

आपल्या समाजाच्या जुन्या पेट्यांत अशा नोटा निघणे नवलाचे नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या नोटा चालत. १९५९ साली तेथे रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने; आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ते चलनही लवकरच संपले. त्याच १९५९ साली भारतीय रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगांच्या खास नोटा काढल्या. त्यांचा क्रमांक झेड अक्षराने सुरू होई आणि भारतात त्या व्यवहारात चालत नसत. १९६१ मध्ये कुवेतने व १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार काढला. १९६६ मध्ये कतार आणि दुबईनेही या रुपयाचा निरोप घेतला. आज संग्राहक या नोटा आवर्जून शोधतात. त्या काळी गोव्यातून आखातात नोकरीला गेलेल्या एखाद्याने आठवण म्हणून एक नोट प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली असेल, तर ती काय वस्तू आहे हे त्याच्या विधवेला कोठून ठाऊक असणार? ती शंभर रुपये मागते. घेणारा जाणता आहे. त्याने शंभर द्यावेत आणि गप्प राहावे काय?

हा प्रश्न फार जुना आहे. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात क्विंटस स्कायव्होला या रोमन विधिज्ञाची गोष्ट सांगितली आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. मालकाने किंमत सांगितली. आपल्या मते ती जमीन अधिक मोलाची आहे, असे सांगून स्कायव्होलाने आपण होऊन एक लाख सेस्टर्स जास्त दिले. संत ऑगस्टीनने पवित्र त्रैक्यावरील ग्रंथाच्या तेराव्या खंडात आपल्या माहितीतल्या एका मनुष्याचा उल्लेख केला आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले; विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि तो फार थोडे मागत होता; या मनुष्याने त्याला कल्पनाही नसताना रास्त किंमत दिली. जुन्या कागदांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने हे पान वाचावे, असे मला वाटते.

मात्र हे औदार्य होते की निव्वळ न्याय? संत थॉमस अक्वायनस येथे बारकाईने भेद करतात. दुष्काळी गावी धान्य नेणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी व्यापारी येत आहेत. त्याने ते न सांगता चालू भावाने धान्य विकले, तर तो अन्याय नव्हे. सांगितले तर अधिक सद्गुणाचे. परंतु विकणारा अजाणतेपणी पितळ म्हणून सोने देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर ती खरेदी अन्यायाची आहे व घेणाऱ्यावर भरपाईचे बंधन आहे.

आपली नोट यांपैकी कशात बसते? माझ्या मते सोन्यात. झेड हे अक्षर उद्या येणाऱ्या व्यापाऱ्यासारखे नाही. ते आजच, त्या बाईच्या हातातल्या कागदावर छापलेले आहे. तिला ते वाचता येत नाही, एवढेच.

यावर व्यापारी म्हणेल: मी वीस वर्षे घालवून ही नजर कमावली, भांडवल अडकवतो, नकली नोटेचा धोका पत्करतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबतो; याचे मला काहीच मिळू नये? अवश्य मिळावे. लिलावात अमुक मिळू शकेल, मला एवढा खर्च आणि धोका आहे, म्हणून मी निम्मे देतो, असे जो तोंडावर सांगतो त्याला मी दोष देणार नाही. चोरबाजारातल्या मुरलेल्या दुकानदाराने स्वतः लावलेली किंमत मुकाट्याने मोजण्यातही मला पाप दिसत नाही. तो धंद्यातला आहे आणि हा डाव त्याला ठाऊक आहे. पण 'हिचे काय येतील हो?' असे विधवेने विचारले, की घेणारा नुसता गिऱ्हाईक राहत नाही. तो सल्लागार होतो. त्यानंतरचे त्याचे मौन मला असत्याहून वेगळे वाटत नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातला खरेदीदारही माल वाईट म्हणून नाके मुरडतो आणि दूर गेल्यावर फुशारकी मारतो.

शेतातल्या गुप्त ठेव्याचा दाखला या वादात हटकून पुढे केला जातो. त्या मनुष्याने ठेवा पुन्हा लपवला व शेत विकत घेतले. प्रभूने त्याला कोठे दोष दिला? पण तो दाखला सर्वस्व विकायला लावणाऱ्या आनंदाचा आहे, खरेदीखताचा नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात अन्यायी कारभाऱ्याच्या चतुराईचे कौतुक आहे म्हणून कोणी खोटे हिशेब लिहू लागत नाही.

अज्ञानाचा बाजार उलट दिशेनेही भरतो. तुमच्या साध्या नोटेचे लाखो रुपये येतील, आधी तेवढे शुल्क भरा, असे सांगून भोळ्या माणसांना लुटले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही असा वापर झाला, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. बँक असा व्यवहार करत नाही, शुल्कही मागत नाही.

राहता राहिला तो ज्याने अशी नोट शंभर रुपयांत घेऊन केव्हाच विकून टाकली आहे. संत थॉमस यांच्या मते भरपाई ज्याची त्यालाच द्यावी. तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला. आणि कोणाचाच पत्ता लागत नसेल, तर त्याच्या आत्म्यासाठी दानधर्म करावा. मात्र आपल्या धर्मग्रामांत ही शेवटची सवलत फारशी कामाची नाही. ती पेटी कोणत्या घरातून निघाली, हे येथे सहसा सर्वांना ठाऊक असते.