ज्याचे तारण त्याने साधावे काय?

शास्त्रवचन खरे असूनही ते भलत्या ठिकाणी उच्चारल्याने अन्याय होऊ शकतो काय? इंग्लंडच्या ईशान्येस टाईन नदीच्या मुखाजवळ जॅरो नावाचे गाव आहे. त्याच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

ख्रिस्ती जगात हे गाव जुने व नामांकित आहे. इंग्रज लोकांच्या मंडळीचा इतिहास इ. स. ७३१ मध्ये पूर्ण करणारा विद्वान बीड येथील मठात राहत असे. पुढे १८५२ च्या सुमारास चार्ल्स पामर यांनी तेथे जहाजबांधणीचा कारखाना काढला व सारे गाव त्यावर पोसले गेले. मंदीच्या दिवसांत तो बुडाला. १९३४ मध्ये या धंद्यातील मालकांनी स्थापलेल्या कंपनीने ती जागा विकत घेतली व तेथे चाळीस वर्षे जहाज बांधू नये, अशी अट घातली. हात होते, कसब होते, नदी होती. बंदी होती ती कामाला.

लोक दाद मागावयास गेले, तेव्हा व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन म्हणाले की, जॅरोने आपले तारण आपणच साधून घ्यावे. हे शब्द फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण देतात. परंतु पौलाने ते बंदिवासातून लिहिले, सत्तेच्या आसनावरून नव्हे. ते एकट्यादुकट्यास नव्हे, सबंध मंडळीस लिहिले. आणि तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे, असा धीरही लागलीच दिला.

५ ऑक्टोबर १९३६ रोजी २०० बेकार पुरुष लंडनकडे पायी निघाले. निघताना उपासना झाली व जॅरोचे बिशप जेम्स गॉर्डन यांनी त्यांस आशीर्वाद दिला. डरहॅमचे बिशप हेन्सन यांनी मोर्च्याचा जाहीर निषेध केला. जमावाच्या दडपणाने राज्य चालू नये, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा आशीर्वाद म्हणजे पाठिंबा नव्हे, असा खुलासा गॉर्डन यांनी केला.

हेन्सन यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. युरोपात तेव्हा झुंडशाही माजली होती. पण या लोकांजवळ होते काय? ओक लाकडाच्या पेटीत सुमारे ११,००० सह्यांचा अर्ज! त्यांच्या लोकप्रतिनिधी एलन विल्किन्सन यांनी तो रीतसर पार्लमेंटात सादर केला. पंतप्रधान बॉल्डविन यांनी मात्र त्यांची भेट नाकारली. दार ठोठावणाऱ्यास दरोडेखोर म्हणणे न्यायाचे नव्हे.

स्वावलंबनाचा उपदेश वाईट नाही. मात्र ज्याची अवजारे काढून घेतली, त्याला तो करण्याआधी अवजारे परत द्यावीत, निदान त्याच्या ओझ्यास खांदा तरी द्यावा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा अध्याय शिकविताना बाराव्या वचनाकडे चौथ्यावरून जावे. केवळ आपलेच नव्हे, दुसऱ्याचेही हित पाहावे, हे तेथे आधी सांगितले आहे.