निष्ठा त्याची, धर्म कुणाचा?





आपल्या कुटुंब-समूहांवर मागच्या काही दिवसांत दोन संदेश येऊन गेले. पहिला एका तरुण जोडप्याचा. "मुलगा हट्ट करतोय, मोठ्या जातीचं कुत्रं घ्यावं का? साधनेत अडथळा तर येणार नाही ना?" दुसऱ्यात सहा वर्षांच्या लॅब्राडोरचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "अतिशय प्रेमळ. घरी बाळ येणार असल्यामुळे देणे आहे." या दुसऱ्या संदेशाखाली कुणीतरी लिहिलं, "बरं झालं, तेवढाच मोह सुटेल." आणि त्यावर भराभर जोडलेले हात आले.

मला प्रश्न पडला की मोह सुटणं म्हणजे नेमकं काय? आपल्या भरवशावर जगणाऱ्या जिवाला दुसऱ्याच्या दारात सोडलं की मोह सुटतो का? आमच्या घरी अकरा वर्षं एक जर्मन शेफर्ड होता. नातवंडांना त्याचं नाव टायसन ठेवायचं होतं, सासूबाईंनी मोती ठेवलं, आणि सासूबाईंचंच टिकलं. त्यामुळे आज लिहिते ते थोडं अनुभवाचं, थोडं आपल्या ग्रंथांतलं.

*आधी घरातली गोष्ट*

मोठं कुत्रं पाळणं सिनेमात दिसतं तसं नसतं. पस्तीस किलोचा जीव घरात वावरतो. त्याची शेपटी फिरली की टीपॉयवरचा कप खाली. केस सोफ्यावर, चादरीवर, धुतलेल्या साडीवर, आणि एखादा वरणातसुद्धा. पहाटे साडेपाचला तो तुमच्या उशाशी उभा, मग आदल्या रात्री लग्नाहून कितीही उशिरा आलेले असा. पाहुणे फाटकातूनच विचारतात, "बांधलाय ना?" कामवाल्या बाई मिळायला वेळ लागतो. कुलाचाराला सगळ्यांनी मिळून गावी जायचं म्हटलं, तर एकाला मागे राहावंच लागतं. आणि ते "एक" बहुतेक घरची बाईच असते, हेही लिहून ठेवते. कुत्रं मुलाच्या हट्टानं येतं, पण राहतं आईच्या अंगावर.

आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा तर सांगायलाच नको. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडासा येतो. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून फिरवणं सूर्य वर यायच्या आत किंवा पार रात्री. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याचे पंजेही पोळणारच. मुरारमध्ये दुपारी भर उन्हात लोक साखळी धरून कुत्रं फिरवताना दिसतात, तेव्हा मला थांबून बोलल्याशिवाय राहवत नाही.

प्रसादाचंही सांगते. आपण प्रेमानं शिऱ्याचा घास त्याच्यापुढे ठेवतो, पण शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट ही त्याच्यासाठी विषासारखीच. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाला टोचू नये म्हणून. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आमचे जनावरांचे डॉक्टर मात्र तूप देऊ देत नसत! जास्त स्निग्ध खाल्लं तर स्वादुपिंड सुजतं म्हणत. मग माझ्या लक्षात आलं की वाटीतलं तूप हे निमित्त, गोष्ट आहे ती धावण्याची. त्या जिवाला काय टोचतंय, हे त्याच्या बाजूनं बघण्याची.

*सोवळं-ओवळं*

हा प्रश्न हमखास येतो. घरात कुत्रं आणि देवघरही, कसं जमतं? आपण दत्तगुरूंच्या तसबिरीला रोज नमस्कार करतो. त्यात महाराजांच्या पायाशी चार श्वान असतात आणि ते चार वेद मानले जातात. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, भैरवाचं तर वाहनच कुत्रा. तसबिरीतल्या श्वानाला नमस्कार आणि दारातल्याला हाड-हाड, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण सासूबाईंची श्रद्धाही मोडायची नव्हती. आम्ही देवघराच्या उंबऱ्याशी थांबायला मोतीला पहिल्या वर्षीच शिकवलं. अकरा वर्षांत त्यानं तो उंबरा ओलांडला नाही. आरतीच्या वेळी बाहेर पंजांवर हनुवटी ठेवून पडून राहायचा. पुढे पुढे सासूबाईच विचारायच्या, "मोती आला का? मग करा सुरू."

*त्याच्या निष्ठेचं कौतुक, पण*

मोठ्या कुत्र्याची निष्ठा ही खरोखर अनुभवायची गोष्ट आहे. तुम्ही या खोलीतून त्या खोलीत जा, तो मागे येणार. न्हाणीघराच्या दाराशी बसून राहणार. घरातलं कुणी आजारी असलं तर पलंगाखालून हलणार नाही. पण या निष्ठेला विवेक नसतो, हे कुणी सांगत नाही. दूधवाला आणि चोर यांतला फरक त्याला शिकवावा लागतो. नणंदबाई मला कडकडून भेटायला आल्या तेव्हा मोती मध्ये उभा राहून गुरगुरला. माझ्यावर हल्ला झाला असंच त्याला वाटलं! शिस्त नसलेली निष्ठा उद्या शेजारच्या मुलाला चावू शकते.

झाशी रस्त्याला टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तिथे श्वानांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आणि वासावरून स्फोटकं शोधणारे, माग काढणारे श्वान तिथे तयार होतात. अशा कामात श्वानाबरोबर त्याला सांभाळणारा जवानही घडवावा लागतो. खाऊ घालणं, खरारा करणं, फिरवणं, सराव, सगळं रोज ठरल्या वेळी. श्वानाच्या निष्ठेला वळण लागतं ते माणसाच्या नियमितपणामुळे.

आणखी एक गोष्ट. कुत्रं चांगल्या धन्याशी निष्ठावान असतं आणि वाईट धन्याशीही. मारणाऱ्याच्या पायाशीसुद्धा ते परत जातं. म्हणजे "माझं कुत्रं माझ्यावर किती जीव लावतं" यातून आपला मोठेपणा काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतं एवढंच, की एका जिवानं प्रश्न न विचारता स्वतःला आपल्या हवाली केलंय. मग आपण त्याचं काय करतो?

रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. 1936 साली तो उभा राहिला. वाघ्याच्या गोष्टीला इतिहासात आधार आहे की नाही यावर मोठा वाद आहे आणि त्यात मी पडत नाही. जपानमध्ये हाचिको होता, अकिता जातीचा मोठा कुत्रा. त्याचे धनी प्राध्यापक उएनो 1925 मध्ये वारले, तरी तो शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघायला येत राहिला, 1935 मध्ये स्वतः जाईपर्यंत. त्याचाही पुतळा झाला. कुत्र्यानं माणसासाठी काय केलं याच्या कथा आपण ऐकतो, डोळे पुसतो आणि पुढे पाठवतो. माणसानं कुत्र्याशी निष्ठा राखली, अशा कथा किती?

*दोन कथा*

एक कथा आहे, आणि ती आपल्याच घरातली आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, मग एकेक भाऊ पडला. युधिष्ठिर थांबला नाही. शेवटी उरलं हस्तिनापुरापासून मागे आलेलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, याला सोड आणि चल. भावांसाठी न थांबलेला युधिष्ठिर इथे मात्र अडला. इंद्रानं तेच विचारलं, भावांना सोडलंस, मग याला का नाही? त्याचं उत्तर फार विचार करण्यासारखं आहे. ते मेले होते, त्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे.

महाभारताची सुरुवातही कुत्र्यापासूनच होते, हे फार जणांच्या लक्षात नसतं. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. आई जाब विचारते, कुणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. एवढा मोठा ग्रंथ, पण त्याच्या आरंभी निरपराध कुत्र्याला मारल्याचा जाब आहे आणि शेवटाकडे न सोडलेल्या कुत्र्याची कसोटी.

आता दुसरी बाजू. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजा राज्य सोडून अरण्यात जातो आणि नदीत पडलेलं हरणाचं पाडस वाचवतो. हळूहळू त्याचं मन त्यातच गुंततं, नित्यकर्म सुटतं, अंतकाळी हरणच आठवतं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळतो. "मोह सुटेल" म्हणणाऱ्यांच्या मनात हीच कथा असणार.

पण भरताची चूक पाडसाला वाचवण्यात होती का? मला तसं वाटत नाही. बुडणारं पाडस तसंच सोडून तो जपाला बसला असता, तर त्या जपाचं काय मोल? हरणाचं करता करता बाकीचं सगळं सुटलं, तिथे मोह सुरू झाला. युधिष्ठिराचं उलट. त्यानं आयुष्यभराची कर्तव्यं पुरी केली आणि शेवटचं उरलेलंही टाकलं नाही.

मला समजलेला फरक असा. मोह विचारतो, "याच्याशिवाय माझं कसं होईल?" धर्म विचारतो, "माझ्याशिवाय याचं कसं होईल?" पहिल्या प्रश्नात मी मध्यभागी, दुसऱ्यात तो. खेळायला गोंडस पिल्लू हवं म्हणून आणणं हा बऱ्याचदा पहिला प्रकार, आणि अडचण झाली म्हणून देऊन टाकणं हाही पहिलाच. दोन्हीकडे विचार स्वतःचाच. त्याला वैराग्य कसं म्हणायचं?

जर्मनीत ओबरकासेल इथे सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं आहे, एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू, साधारण सात महिन्यांचं. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासक म्हणतात की ते आठवडेच्या आठवडे गंभीर आजारी असावं आणि माणसांच्या शुश्रूषेशिवाय जगलं नसतं. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं. ना वेद होते, ना पुराणं, तरी त्यांना हे कळत होतं.

*मग काय करावं?*

तरुण जोडप्याला सांगेन, साधनेत अडथळा कुत्र्यामुळे येत नाही. पण दहा-बारा वर्षांचा नेम निभावणार असाल तरच आणा. पहाटेचं फिरवणं कोण करणार, हे आज ठरवा. रेबीजची लस दरवर्षी टोचा, कारण त्या रोगाची लक्षणं दिसल्यावर माणूस असो वा कुत्रं, जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हातारपणाचा विचार करा. शेफर्ड, लॅब्राडोर यांची मागची कंबर बऱ्याचदा जाते. मोतीला शेवटचे पाच महिने आम्ही पोटाखालून टॉवेल घालून दोघांनी जिना उतरवायचो. त्या दिवसांत माझ्या यजमानांचा चिडका स्वभाव निवळला. प्रवचनं ऐकून जे झालं नव्हतं ते त्या टॉवेलनं केलं.

बाळ येणाऱ्या घराला सांगेन, बाळ आणि कुत्रं एकत्र वाढू शकतात. फक्त त्या दोघांना एकटं कधीही ठेवू नये, आणि बाळाच्या वस्तूंचा वास त्याला आधीपासून ओळखीचा करून द्यावा. खरोखरच जमणार नसेल, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर दुसरं घर शोधण्यात पाप नाही. पण ते घर स्वतः जाऊन बघा, चार वेळा त्याला तिथे घेऊन जा, नंतरही विचारपूस ठेवा. आश्रय बदलला तर चालेल, तुटता कामा नये. रस्त्यावर नेऊन सोडणं तर कायद्यानंही गुन्हा आहे, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे.

ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांच्यासाठीही हा प्रश्न आहेच. आपल्यावर पूर्ण विसंबलेलं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. अंथरुणाला खिळलेल्या आत्या असतील, समज कमी असलेला दीर असेल, किंवा घरी वीस वर्षं काम केलेल्या आणि आता हात थरथरणाऱ्या बाई. त्यांना आपल्याला सोडून जाता येत नाही. आपल्याला मात्र येतं, आणि जायला कारणंही चांगली सापडतात. आज रात्री नामस्मरणाला बसण्याआधी आपल्या घरातलं असं कोण, एवढं मनात आणावं, आणि उठल्यावर त्याच्यासाठी एक काम करावं.

— एक सेविका, मुरार 🙏