हिरव्या पट्ट्यातले अभय

लोकांना किती सुरक्षित वाटते हे मोजणाऱ्या पाहण्यांमध्ये एक प्रश्न हटकून असतो: रात्री आपल्या भागात एकट्याने फिरताना तुम्हाला सुरक्षित वाटते का? गॅलपसारखी संस्था वर्षानुवर्षे देशोदेशी हाच प्रश्न विचारत आली आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. धोका म्हणजे माणूस, तोही अनोळखी आणि अंधारात दबा धरून बसलेला. दवाखाना किती लांब आहे, वरच्या उतारावर किती बर्फ साचला आहे, वीज गेली तर घर किती तास ऊब धरेल, यांतले काहीच त्यात येत नाही. असे विचारल्यावर गाव जिंकणार आणि शहर हरणार हे जवळजवळ ठरलेलेच, कारण गावात अनोळखी माणूस सापडणेच अवघड. ‘मला इथे सुरक्षित वाटते’ हे वाक्य ऐकायला जागेविषयीचे वाटते. प्रत्यक्षात ते माणसांवरच्या विश्वासाविषयी असते. पण ज्यांच्यावर आपला विश्वास असतो आणि ज्यांच्यामुळे आपण जिवंत असतो, ती माणसे बहुतेक वेळा वेगळी असतात. सुरक्षित जागेच्या शोधातला सगळा गोंधळ या तफावतीतून निघतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या सर्व काउंट्यांमधले १९९९ ते २००६ या काळातले इजेमुळे झालेले मृत्यू तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये आला. अगदी ग्रामीण काउंट्यांमध्ये अशा मृत्यूचा धोका अगदी शहरी काउंट्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघाला. खून शहरांत जास्त होते, हे खरेच. पण वाहनांचे अपघात आणि इतर आकस्मिक मृत्यू गावाकडे इतके जास्त होते की खुनांचा फरक त्यांत बुडून गेला. आपल्याकडचे उदाहरण सापाचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. तरी मण्यार किंवा घोणस आहे म्हणून गाव असुरक्षित, असे कोणी म्हणत नाही. सापाच्या मनात द्वेष नसतो, त्यामुळे तो गावाच्या चारित्र्याला डाग लावत नाही. शहरातला एक खून मात्र अख्ख्या वस्तीचे नाव खराब करतो. यात निव्वळ अडाणीपणा आहे असे मी म्हणणार नाही. माणसाने माणसाला मारणे हा अन्याय असतो, दरड कोसळणे हा अन्याय नसतो, आणि अन्यायाची भीती अपघाताच्या भीतीपेक्षा खोल असावी हे ठीकच आहे. फक्त ती अन्यायाची भीती आहे हे ओळखून ठेवावे. तिच्यावरून मरणाचा हिशेब मांडू नये.

हा फरक उघडा पाडायला उतरत्या हिवाळ्यातल्या बर्फासारखी दुसरी गोष्ट नाही. त्यामागे कोणाचा हेतू नसतो, आणि तो येतो तेव्हा हिवाळा सरत आला म्हणून माणसे सैलावलेली असतात. ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये पात्सनाउन खोऱ्याच्या वरच्या टोकाला, १५८४ मीटर उंचीवर, गाल्ट्यूर नावाचे गाव आहे. एक चर्च, भोवती घरे आणि हॉटेले, दोन्ही अंगांना डोंगर. हिमस्खलनाच्या धोक्याचा नकाशा गावाकडे तयार होता: लाल पट्ट्यात बांधकामाला बंदी, पिवळ्यात भिंती भक्कम करण्याची अट, उरलेला हिरवा भाग निर्धास्त. १९९९ च्या जानेवारीअखेरपासून एकामागून एक वादळे आली आणि सुमारे चार मीटर बर्फ पडला. वाऱ्याने तो कड्याआडच्या उतारावर आणखी रचून ठेवला. खाली खोऱ्यात जाणारा रस्ता बंद झाला, त्यामुळे सुट्टीला आलेले पर्यटक गावातच अडकले. २३ फेब्रुवारीला दुपारी चारच्या सुमारास तो सगळा थर सुटला आणि मिनिटभरात पिवळा पट्टा ओलांडून हिरव्यात शिरला. ३१ माणसे मेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वालत्सूर वस्तीत आणखी ७. हवामान इतके वाईट होते की हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. तोवर गावकरी आणि पर्यटक स्वतःच बर्फ उकरत होते.

गावाचे कौतुक करणारा इथे मला थांबवील आणि म्हणेल, पाहा, शेवटी शेजारीच धावून आले ना? धावून आले, आणि पहिल्या पंधरावीस मिनिटांत गाडल्या गेलेल्या माणसाला तोच एक आधार असतो. पण त्यांच्या हातात होते ते फावडे. बर्फ सुटू नये यासाठी काही करणे, किंवा तो कुठवर येईल हे आधी सांगणे, शेजारधर्माच्या आवाक्यातले नव्हते. ते काम नकाशा काढणाऱ्यांचे, आणि नकाशा चुकला होता. आज त्या गावाच्या वरच्या अंगाला साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीची भिंत उभी आहे आणि तिच्या पोटात संग्रहालय आहे. ती बांधायला पैसा आणि शास्त्र लागले, आणि दोन्हींचा मोठा भाग खोऱ्याबाहेरून आला. देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी गाल्ट्यूर पाहिलेलेही नसेल.

सुरक्षित कुठे राहावे, हा वाद नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपाने कोसळले. देव चांगला असेल तर हे का, असे व्होल्तेअरने कवितेत विचारले. पुढच्या वर्षी रूसोने त्याला लांब पत्र लिहून उलट विचारले की सहासात मजल्यांची वीस हजार घरे एका जागी निसर्गाने उभी केली होती काय? माणसे पांगून राहिली असती तर हानी कमी झाली असती, आणि रानावनात भूकंप होतात त्यांची चर्चा होत नाही, कारण तिथे शहरातली बडी मंडळी मरत नाहीत. शेवटचा टोमणा आजही लागू पडतो. पण पांगून राहणे म्हणजे सुरक्षित राहणे, हा रूसोचा हिशेब अर्धाच आहे. पांगलेल्या माणसावर घर कोसळण्याचा संभव कमी, मात्र कोसळलेच तर मदत पोचण्याचाही संभव कमी. रूसोचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. आपत्तीचा जाब त्याने देवाकडून काढून माणसांच्या निर्णयांकडे आणला. दोष गर्दीचा, एवढे मात्र त्याने घाईने ठरवून टाकले.

मग शहर निवडावे? फेब्रुवारी २०२१ मधल्या टेक्सासकडे पाहिले की तेही उत्तर टिकत नाही. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन ही श्रीमंत शहरे आहेत. आपली कितीतरी मराठी कुटुंबे तिथे राहतात. बर्फ आला, डॅलसमध्ये पारा शून्याखाली १९ अंशांपर्यंत उतरला आणि पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली. हिवाळा संपत आला म्हणून काही वीजकेंद्रे देखभालीसाठी आधीच बंद ठेवलेली होती. उरलेल्यांची यंत्रे आणि वायूच्या वाहिन्या गोठल्या. लोडशेडिंग सुरू झाले तेव्हा वायू पुरवणाऱ्या काही यंत्रणांचीच वीज तोडली गेली, आणि ज्या वायूवर वीज व्हायची तोच आणखी आटला. पूर्ण जाळे कोसळायला ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली, बहुतेक थंडीने गारठून, कित्येक आपल्याच घरात. काहींनी ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली किंवा कोळशाची शेगडी आत आणली, आणि विषारी वायूने गेली. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो हे शहर आहे. ते वेगळ्या वीजजाळ्यावर चालते, आणि फेब्रुवारी २०११ च्या थंडीत पोळल्यावर तिथल्या कंपनीने आपली केंद्रे कडाक्यात टिकतील अशी करून घेतली होती. तिथे काही हजार ग्राहकांची वीज थोडा वेळ गेली, इतकेच. उरलेल्या टेक्सासलाही २०११ नंतर केंद्रीय नियामकांनी तोच सल्ला दिला होता. तो पाळायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले होते.

म्हणजे भेद गाव आणि शहर असा राहत नाही. कोणीतरी आधी भार उचलला होता की नव्हता, एवढाच उरतो. आपल्या धर्मविचाराने अभयाकडे असेच पाहिले आहे, पण ते आपण नीट वाचत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी अभयापासून सुरू होते, आणि आपण ते माझ्या मनातली निर्भयता एवढ्यावरच थांबवतो. परंपरेत मात्र अभय द्यायचेही असते. संन्यास घेणारा सर्व जीवांना अभय देतो. जैनांकडे अभयदान श्रेष्ठ दान. बुद्धाचा उचललेला हात समोरच्यासाठी असतो. (आपल्या विठोबाने तो हात उचललेला नाही, दोन्ही कमरेवर ठेवले आहेत, तरी वारकऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाही.) अभय जर देण्याची वस्तू असेल, तर ‘मी कुठे सुरक्षित आहे’ हा प्रश्न अपुरा पडतो. माझे अभय कोणी दिले, आणि मी कोणाचे देणे लागतो, हे विचारावे लागते.

गावाच्या अभयाविषयीचा सर्वांत टोकदार आक्षेप इथेच येतो, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या गुणगानाची सालटी काढली. ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याच्या दृष्टीने ओळखीचा चेहरा हाच धोका होता, आणि शहरातला अनोळखीपणा हेच अभय. ओळखीतले अभय नेहमी कोणाला तरी वगळून दिले जाते. वीज, पाणी, रुग्णवाहिका यांचे अभय निदान तत्त्वतः नाव-जात विचारत नाही. उलट बाजूनेही एक रास्त हरकत आहे: शहरातली स्त्री रात्री बाहेर पडायला भिते, आणि आकडे काही म्हणोत, तेवढ्याने तिचे आयुष्य आखडतेच. मान्य. पण तिची भीतीही रस्त्यावर दिवा आणि रात्रीची बस असली म्हणजे कमी होते. गाव बरे असे सांगून होत नाही.

राहिला नियतीचा युक्तिवाद. आयुष्य सरले की माणूस कुठेही मरतो, मग नकाशे कशाला? परीक्षित राजाची गोष्ट याच्या पुष्ट्यर्थ सांगतात. सर्पदंशाने मरण्याचा शाप मिळाल्यावर महाभारतात तो एका खांबावरच्या कडेकोट महालात राहतो आणि तक्षक नाग फळातला किडा होऊन पोचतो. भागवतात तो गंगाकाठी बसून सात दिवस शुकाकडून कथा ऐकतो. एक भिंत बांधतो, दुसरा मरण स्वीकारतो, आणि आपल्याला या दोघांतूनच निवडायची सवय लागली आहे. महाभारतातला तिसरा माणूस आपण विसरतो. विष उतरवू शकणारा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाला वाचवायला निघाला होता. तक्षकाने वाटेत एक वड जाळून दाखवला, काश्यपाने तो पुन्हा उभा केला. मग तक्षकाने हव्या तेवढ्या धनाची तयारी दाखवली. राजाचे आयुष्य संपले आहे असे काश्यपाला ध्यानात दिसले, आणि तो धन घेऊन परत फिरला. दिसले ते खरे असेलही. पण ते दिसण्याची वेळ फार सोयीची होती, हे नोंदवल्याशिवाय मला ही कथा वाचता येत नाही.

आता प्रत्येक गावावर भिंत बांधता येणार नाही आणि प्रत्येक नकाशा कुठेतरी चुकेल, हे उघड आहे. म्हणून सगळ्याच मृत्यूंचा दोष कोणाच्या तरी माथी मारणेही खोटे ठरेल. गाल्ट्यूरचा नकाशा तेव्हाच्या ज्ञानाच्या कडेवर चुकला. त्याच फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या एव्होलेन गावी बर्फाखाली १२ माणसे गेली, आणि तिथे खटला उभा राहिला. धोका वाढत असताना घरे रिकामी करून घ्यायला आणि रस्ता बंद करायला हवा होता, असे ठरले. ग्रामाध्यक्ष आणि सुरक्षाप्रमुख निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल दोषी ठरले, आणि २००६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. दोघेही त्याच डोंगरातले, सगळ्यांच्या ओळखीचे. खटल्यात मात्र त्यांची ओळख, हेतू किंवा चांगुलपणा तपासला गेला नाही. त्या दिवशी त्यांना काय ठाऊक असायला हवे होते आणि त्यांनी काय केले, एवढेच तपासले गेले.